डोळ्यांच्या ट्रायलमध्ये जाताय? आधी कागद घरी आणा

उन्हाळ्याचे दिवस होते. रामबागेतल्या एक काकू चौथ्या व्हिजिटला आल्या आणि पिशवीतून थेंबांच्या तीन बाटल्या काढून माझ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. तिन्ही धुतलेल्या, पुसलेल्या, झाकणं घट्ट लावलेली. म्हणाल्या, "थोडं थोडं उरलं होतं ते ओतून दिलं बाई. नाहीतर तुम्हाला वाटायचं मी औषध घालतच नाही." त्या बाटल्या आम्ही वजन करून परत घेतो. उरलेल्या औषधावरून कळतं की रोज किती थेंब गेले. काकूंनी एकही दिवस चुकवला नव्हता, पण कागदावर त्या महिन्यात त्यांनी दुप्पट औषध घातल्याची नोंद झाली.

ट्रायल म्हणजे औषध किंवा उपचार रुग्णांवर देऊन, मोजून तपासायचा अभ्यास. इंदुरात डोळ्यांच्या ट्रायल्सची को-ऑर्डिनेटर म्हणून काही वर्षं काम केल्यावर सांगते, लोक चुकतात ते हेतूत नाही, क्रमात चुकतात. सही आधी करतात आणि वाचतात नंतर. औषध आधी बंद करतात आणि विचारतात नंतर. म्हणून हा लेख क्रमानं लिहिलाय. काचबिंदूचे थेंब, मधुमेहानं खराब झालेल्या पडद्यासाठी डोळ्यात द्यायची इंजेक्शनं, मोतीबिंदूच्या दोन पद्धतींची तुलना, नवी लेन्स, बुबुळावरच्या जखमेचं औषध, यांपैकी कुठल्याही अभ्यासात तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला बोलावलं असेल तर पहिल्या पायरीपासून सुरुवात करा. मधल्या पायरीवर असाल तरी मागचं एकदा तपासून घ्या.

१. आजाराचं नाव कागदावर आणा

हे फुटकळ वाटतं, पण निम्मा घोळ इथेच होतो, आणि आपल्या मराठी घरांत जरा जास्तच. डॉक्टर हिंदीत म्हणतात "काला मोतिया". आजोबा घरी येऊन सांगतात, "मोतीबिंदू काळा पडलाय, काढायचाय." काला मोतिया म्हणजे काचबिंदू. त्यात डोळ्याची नस हळूहळू खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदू पिकून तपकिरी-काळा होतो हेही खरं, म्हणून तर गैरसमज इतका घट्ट बसतो. "पर्दे" चंही तसंच. कुणी बुबुळावर वाढलेल्या मांसाला पडदा म्हणतं, कुणी डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला. दोन्ही अगदी वेगळे आजार.

तेव्हा तोंडी निरोपावर जाऊ नका. चिठ्ठीवर आजाराचं नाव, कुठला डोळा आणि तारीख स्पष्ट लिहून मागा. मग एका फाइलमध्ये हे गोळा करा:

- चालू चष्म्याचा नंबर, डोळ्याच्या दाबाचे जुने आकडे, ओसीटी (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा स्कॅन) किंवा फील्ड टेस्टचे (कडेचं किती दिसतं त्या तपासणीचे) छापील रिपोर्ट
- मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या साखरेच्या सरासरीचा) ताजा रिपोर्ट, बीपीचे आकडे
- घरात चालू असलेलं प्रत्येक औषध. नावं लिहून आणू नका, पाकिटं आणि बाटल्याच आणा.
- आधी झालेली डोळ्यांची ऑपरेशनं, लेसर, इंजेक्शनं आणि त्यांच्या तारखा

औषधांत लोक तीन गोष्टी लपवतात किंवा विसरतात. एक, मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेले थेंब. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं आणि त्यानं डोळ्याचा दाब वाढू शकतो. दोन, मध, गुलाबपाणी, सुरमा असले घरगुती उपाय. तीन, पुरुषांची प्रोस्टेटची गोळी. ही तिसरी सांगायला लाजतात. पण त्यातली टॅम्सुलोसिन ही गोळी घेणाऱ्या माणसाची बाहुली ऑपरेशनच्या वेळी नीट मोठी होत नाही आणि डोळ्यातला रंगीत पडदा ढिला पडून फडफडतो. सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीनं उतरतो. गोळी दोन वर्षांपूर्वी बंद केली असली तरी सांगा.

तपासा: तुमच्या फाइलवरून अनोळखी डॉक्टरला पाच मिनिटांत कळेल का, की कुठल्या डोळ्याला काय आहे आणि आतापर्यंत काय केलं? नसेल कळत तर फाइल अपुरी आहे.

२. ट्रायल नोंदलेली आहे का ते पाहा

भारतात क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, तिची संस्था ती चालवते. २००७ पासून ती सुरू आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून नियम असा की पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झाली पाहिजे. सीटीआरआयच्या साइटवर कुणीही फुकट शोधू शकतं. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला बसवा, दहा मिनिटांचं काम आहे.

को-ऑर्डिनेटरकडून नोंदणी क्रमांक मागून घ्या. तो सीटीआरआय, मग वर्ष, मग महिना, मग सहा आकडे असा असतो. पान उघडलं की या क्रमानं बघा:

पहिलं, ट्रायल कुठे चालू आहे त्या यादीत तुमचं रुग्णालय आणि तुमच्याशी बोलणारे डॉक्टर आहेत का. इंदूरचं नावच नसेल तर तिथेच थांबा आणि विचारा. दुसरं, त्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीपुढे (ट्रायलमध्ये रुग्णांचं हित जपलं जातंय ना, हे बघणारी समिती) मंजुरी लिहिली आहे का. तिसरं, भरती चालू आहे की बंद झाली. चौथं, कोणाला घेणार आणि कोणाला नाही, ती अटींची यादी. पाचवं, रुग्णांचे जे दोन गट करून तुलना करतात, त्या दोन्ही गटांना नेमकं काय देणार.

नवं औषध असेल तर औषध नियंत्रकांचीही परवानगी लागते. रूढ असलेल्या दोन शस्त्रक्रियांची तुलना असेल तर ती लागेलच असं नाही, एथिक्स कमिटीची मात्र लागतेच.

सावध: नोंदणी आहे म्हणजे उपचार चांगला आहे, असा अर्थ होत नाही. नोंदणी म्हणजे फक्त एवढंच, की जे करणार ते आधी चारचौघांत लिहून ठेवलंय. आणि ट्रायलमधल्या औषधासाठी कुणी तुमच्याकडे पैसे मागत असेल, किंवा शिबिरातून थेट गाडीत बसवून "फ्री ऑपरेशन आहे, सही करा" म्हणत असेल, तर फाइल उचला आणि घरी या.

आपल्या गावाला हे सांगायला लागू नये खरं तर. ट्रायल्समधल्या गैरप्रकारांविरुद्ध २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका इंदूरहूनच गेली होती, आणि आज संमती घेताना काही ट्रायल्समध्ये जे व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं त्यामागे त्या प्रकरणातले आदेश आहेत.

३. संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात सांगून पाहा

डॉक्टरांना विचारा, "या ट्रायलमधून तुम्हाला काय शोधून काढायचंय?" उत्तर ऐका आणि तेच आपल्या शब्दांत त्यांना परत सांगा. जमलं नाही तर पुन्हा विचारा. लाज वाटू देऊ नका.

उदाहरण घ्या. मोतीबिंदू काढायच्या दोन पद्धती आहेत. फेकोमध्ये दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून मशीननं मोतीबिंदू फोडून ओढून घेतात. एसआयसीएसमध्ये सहा-सात मिलिमीटरचा छेद घेऊन अख्खा बाहेर काढतात. त्यालाही बहुतेक वेळा टाका लागत नाही. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० डोळ्यांवर या दोहोंची तुलना झाली आणि २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रश्न साधा होता: सहा आठवड्यांनी कुणाला किती दिसतं आणि किती सुरक्षित? चष्मा न लावता फेको पुढे राहिली, चष्मा लावल्यावर दोन्हीकडे निकाल चांगले आले. आता ज्याला मशीनचं ऑपरेशन परवडत नाही त्याच्यासाठी या उत्तराला किती किंमत आहे बघा.

दुसरं उदाहरण मुद्दाम देते, कारण "नवीन औषध आहे, मलाच मिळू द्या" म्हणून गळ घालणारे फार भेटतात. शेतात काडी लागून बुबुळावर बुरशीची जखम होते, ती आपल्याकडे नवी नाही. दक्षिणेत अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ रुग्णांवर जुनं नॅटामायसिन आणि नवं व्होरिकोनाझोल यांची तुलना झाली. २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा जुनंच औषध सरस ठरलं. नव्या गटात पडायला धडपडलेल्यांचं तिथे काय झालं असेल, याचा विचार करा.

कोण कुठल्या गटात, हे डॉक्टर ठरवत नाहीत. ती ईश्वरचिठ्ठी असते, फक्त काँप्युटर काढतो. ओळखीनं, वशिल्यानं गट बदलत नाही. ज्याला दोन्ही गट मान्य नाहीत त्यानं ट्रायलमध्ये जाऊच नये. बाहेर राहून नेहमीचे उपचार घ्यावेत, त्यात काही कमीपणा नाही.

४. संमतीचा कागद घरी आणून मोठ्यानं वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माहितीपत्रक घरी न्यायचा तुम्हाला हक्क आहे. निदान एक रात्र तो कागद घरात राहू द्या, आणि घरातल्या दोन माणसांनी वाचू द्या.

इंदुरात कागद बहुधा हिंदीत मिळतो. "हिंदी येते हो आम्हाला, पिढ्या गेल्या इथे," हे मी शंभरदा ऐकलंय. बोलायला येते, वादच नाही. पण लिपी तीच असल्यामुळे डोळा मराठी अर्थ धरून पुढे सरकतो. "प्रोटोकॉल में संशोधन होने पर आपको सूचित किया जाएगा." लोकमान्यनगरातल्या एका निवृत्त मास्तरांनी याचा अर्थ लावला, "संशोधन झालं की कळवतील." हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, बदल. ट्रायल चालू असताना नियम बदलले तर तुम्हाला सांगून पुन्हा सही घेतील, असं ते वाक्य आहे. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला तिथे शोध किंवा अनुसंधान म्हणतात. "कोई आपत्ति हो तो" मधली आपत्ती म्हणजे संकट नव्हे, हरकत. "सूजन" कळतं, "क्षतिपूर्ति" वर लोक अडखळतात; ती नुकसानभरपाई. मराठी प्रत आहे का, हे विचारा. ज्या भाषेतला कागद द्यायचा तो एथिक्स कमिटीनं मंजूर केलेला असावा लागतो, त्यामुळे को-ऑर्डिनेटरनं रात्रीतून करून दिलेलं मराठी भाषांतर चालत नाही. तोंडी मात्र तुमच्या भाषेत समजावून द्यायलाच हवं.

वाचताना या प्रश्नांची उत्तरं कागदात सापडतात का, पेन्सिलीनं खूण करत जा:

- माझ्यासाठी दुसरा कुठला उपचार उपलब्ध आहे?
- एकूण किती व्हिजिट, किती महिने, प्रत्येक वेळी किती तास?
- कुठल्या तपासण्या फुकट आणि कुठल्या माझ्या खर्चानं? येण्याजाण्याचा खर्च मिळणार का?
- एका डोळ्यावर प्रयोग चालू असताना दुसऱ्या डोळ्याचं काय? त्याचा मोतीबिंदू मधे काढता येईल का?
- रात्री दोन वाजता डोळा दुखला तर कुणाला फोन करायचा?
- इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार?

दुसऱ्या डोळ्याचा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच नडतो.

नवं औषध असेल तर शेवटच्या पानावर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी म्हटलं की बायका पदर तोंडाला लावतात. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई कुणाला द्यायची यासाठी ते नाव असतं. नियमानंच ते प्रत्येकाकडून घेतात. तुमच्या ऑपरेशनमध्ये काही वेगळा धोका दिसला म्हणून नव्हे. वय मात्र खरं लिहा. भरपाईच्या सूत्रात आठ लाखांची मूळ रक्कम, वयाचा गुणक आणि आजाराच्या जोखमीचा गुणक असतो. जुन्या लोकांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजे १ जानेवारी असते. शाळेच्या दाखल्याशी ती जुळत नसेल तर आत्ताच सांगा.

सही करताना तारीखही स्वतःच्या हातानं घाला. दुसऱ्या कुणी घातलेली तारीख हा आमच्या ऑडिटमध्ये मोठा दोष समजतात, आणि तुमच्या दृष्टीनंही तो पुरावा कच्चा. वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला साक्षीदार सुरुवातीपासून बसलेला हवा. वॉर्डबॉयला हाक मारून आणलेला चालत नाही. सात ते अठरा वर्षांचं मूल असेल तर आई-वडिलांच्या संमतीबरोबर मुलाचा होकारही घेतात.

सावध: बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर जवळचं अक्षर दिसत नाही. त्या अवस्थेत कागद पुढे केला तर म्हणा, "उद्या."

तपासा: सही केलेल्या कागदाची प्रत तुमच्या फाइलमध्ये आली का? प्रत हातात नाही तोवर उठू नका.

५. स्क्रिनिंगच्या दिवशी

सही झाली म्हणजे निवड झाली असं नाही. आधी तपासण्या होतात.

सगळ्यात घातक चूक: काचबिंदूच्या ट्रायलमध्ये जुन्या थेंबांचा असर उतरू द्यावा लागतो, काहींना आठवडा तर काहींना चार आठवडे. हे कुणाकडून तरी ऐकून लोक घरीच थेंब बंद करून येतात. करू नका. ज्याची नस आधीच बरीच गेलीय त्याला हा खंड परवडत नाही. कधी थांबवायचे आणि मधे दाब कधी मोजायचा, हे डॉक्टर लिहून देतील.

नजर तपासायचा तक्ताही वेगळा असतो. नेहमीच्या ओपीडीत सहा मीटरवरचा असतो, इथे बहुधा चार मीटरवरचा, दर ओळीत पाच अक्षरं. एकेक अक्षर मोजलं जातं. पाच अक्षरं म्हणजे एक ओळ, पंधरा म्हणजे तीन ओळी, आणि औषधाचा गुण याच मापानं मोजतात. म्हणून धूसर दिसलं तरी अंदाज सांगा. "नाही दिसत" म्हणून लवकर थांबणारा माणूस पुढच्या वेळी थोडं रेटून वाचतो आणि कागदावर न झालेली सुधारणा दिसते. उलट प्रकारही आहे. एक आजोबा बाकावर बसल्या बसल्या आधीच्या रुग्णाची अक्षरं पाठ करून आले होते, डोळा झाकला तरी घडाघडा म्हणाले. परीक्षा पास व्हायची सवय, दुसरं काय. नजर कमी आहे म्हणूनच ट्रायलमध्ये घेणार होते ना त्यांना!

तयारीचं थोडक्यात: पोहे-जिलबी खाऊन या, उपाशीपोटी यायला सांगितलं असेल तरच उपाशी या. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या विचारल्याशिवाय चुकवू नका. सोबत माणूस आणा आणि काळा चष्मा ठेवा. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास स्कूटर चालवायची नाही, मग घर कितीही जवळ असो.

नाव बाद झालं तर मनाला लावून घेऊ नका. अटीत बसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टच्या प्रती मागून घ्या, पुढे उपयोगी पडतात.

६. गट ठरल्यावर तोंड बंद

तुम्हाला कुठलं औषध मिळतंय हे तुम्हाला आणि तपासणाऱ्याला माहीत नसतं. इतर आजारांत याला ब्लाइंडिंग म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना तो शब्द जड जातो म्हणून आमच्याकडे मास्किंग म्हणतात. ऑपरेशनच्या ट्रायलमध्ये सर्जनला माहीत असणारच, पण नंतर नजर मोजणाऱ्याला माहीत नसावं अशी योजना असते. आणि आपली मावशी खुर्चीत बसता बसता सुरू करते, "माझं ते मशीनवालं नाही बरं का, दुसरं केलं." गेली योजना. तपासणाऱ्याला ऑपरेशनची हकीकत सांगू नका. तक्रार सांगायची ती डॉक्टरांना.

दुसरं, एकाच घरातली दोघं एकाच ट्रायलमध्ये असतील तर बाटल्यांवर मोठ्या अक्षरात नावं लिहून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. "ह्यांच्या थेंबांनी कमी चुरचुरतं" म्हणून अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

७. थेंब, डायरी आणि बाटल्या

थेंब घालायची रीत बहुतेकांना येते असं वाटतं आणि बहुतेकांची चुकते. हात धुवा. मान मागे टाका, खालची पापणी बोटानं ओढून खोबणी करा, बाटलीचं तोंड डोळ्याला आणि पापणीला न लावता एक थेंब टाका. एकच. थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम तेवढीच जागा. दुसरा टाकलात तर तो गालावर येणार. मग डोळा अलगद मिटा, मिचकावू नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं धरा, म्हणजे औषध नाकात-घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटांनी. हात थरथरत असेल तर आडवं पडून घाला किंवा सुनेला घालायला सांगा, पण रोज कोण घालणार ते ठरवून ठेवा.

डायरी त्या त्या वेळी भरा. व्हिजिटच्या आदल्या रात्री एकाच पेननं, एकाच वळणात भरलेली महिन्याची डायरी आम्हाला लांबून ओळखू येते. थेंब चुकला तर "चुकला" लिहा. खरी चुकलेली नोंद आम्हाला चालते, खोटी भरलेली चालत नाही. एका काकांनी दिवाळीचे चार दिवस कोरे सोडून खाली लिहिलं होतं, "पुण्याला मुलीकडे, बाटली घरीच राहिली." इतकी चांगली डायरी मी क्वचितच पाहिली.

बाटल्या रिकाम्या असोत, अर्ध्या असोत, फुटलेल्या असोत, सगळ्या खोक्यासकट परत आणा. धुवायच्या नाहीत, ओतायच्या नाहीत. मोलकरणीनं टाकली तर तसं सांगा.

उन्हाळ्यात इंदूर चाळिशी ओलांडतं. गाडीच्या डॅशबोर्डवर, खिडकीच्या कट्ट्यावर, देवघरातल्या समईशेजारी बाटली नको. खोक्यावर फ्रिजमध्ये ठेवायला लिहिलं असेल तर मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणात नाही. गोठलेलं औषध वितळवून घालू नका. फोन करा, बदली बाटली देतात.

तपासा: पेठेत किंवा लग्नाला बाहेरगावी जाताना पिशवीत बाटली, डायरी आणि ट्रायलचं ओळखपत्र, तिन्ही आहेत का?

८. तारखांचं गणित घरच्या कॅलेंडरवर करा

व्हिजिटला एक तारीख आणि तिच्या मागेपुढे काही दिवसांची मुभा असते, समजा तिसावा दिवस, तीन दिवस अलीकडे-पलीकडे. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कालनिर्णयवर लिहून सण आणि लग्नं शेजारी बघा. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी त्या भागातून येणं विसरा. आणि ऑपरेशनला महिनाही झाला नसेल तर गच्चीवरून बघायलाही जाऊ नका, रंग वर येतो. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (चित्ररथांची मिरवणूक) असतात, दुसऱ्या दिवशी सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका. दिवाळीत मुलांकडे पुण्याला-मुंबईला जाणार असाल तर आधी सांगा. मुभेतल्या दिवसांत बसवता येतं. न सांगता गेलात तर तो आकडा कायमचा हुकतो.

दाब मोजायचा असेल तर नेहमी साधारण त्याच वेळेला या. दाब दिवसभरात वर-खाली होतो.

९. त्रास झाला तर

या गोष्टी झाल्या तर त्याच दिवशी फोन आणि त्याच दिवशी रुग्णालय, व्हिजिटची वाट बघायची नाही:

- ऑपरेशननंतर किंवा डोळ्यातल्या इंजेक्शननंतर दुखणं वाढतंय, लाली वाढतेय, नजर कमी होतेय. हा आतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तास मोजायचे असतात.
- विजा चमकल्यासारखं, अचानक काळे ठिपके, किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं दिसणं.
- एका बाजूला डोकं आणि डोळा ठणकणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी.

पडद्याच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरला असेल तर तो जिरेपर्यंत विमानप्रवास नाही. दुसरीकडे कुठे भूल द्यायची वेळ आली तर डोळ्यात गॅस आहे हे आधी सांगा.

आता एक चूक जी शिकलेली माणसंही करतात. आजीचा पाय मोडला, दुसऱ्या रुग्णालयात आठ दिवस भरती होती, आम्हाला महिन्यानं कळलं. "डोळ्याशी काय संबंध?" म्हणे. संबंध आहे की नाही हे तपासून ठरवायचं असतं. कुठल्याही कारणानं भरती झालात तर ती गंभीर घटना धरली जाते आणि आम्हाला कळल्यापासून २४ तासांत ती वर कळवायची असते. भरती झालात की घरातल्या कुणी एक फोन करावा, बस.

२०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात, गरज असेल तोवर किंवा त्या इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवर. भरपाई वेगळी. कुणी टाळाटाळ करत असेल तर संमतीपत्रावर एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचा किंवा सचिवांचा नंबर असतो. तो शोभेसाठी नसतो, लावा. या कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिकही बसवलेला असतो. बोलण्याबरोबर एक लेखी अर्जही द्या आणि पोच घ्या.

१०. मधेच सोडायचं असेल

कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि पुढचे नेहमीचे उपचार त्यामुळे अडवता येत नाहीत. फक्त गुपचूप गायब होऊ नका. फोन उचलायचा बंद करणारे खूप असतात. काचबिंदूचे थेंब एकाएकी थांबले तर दाब पुन्हा चढतो, म्हणून जुनं औषध कधीपासून सुरू करायचं ते विचारून घ्या. औषध सोडूनही तपासणीला येत राहायची सोय असते का, तेही विचारा; पुष्कळदा असते.

११. शेवटच्या व्हिजिटला काय मागायचं

चार गोष्टी. ट्रायलच्या काळातल्या सगळ्या रिपोर्टच्या प्रती. बसवलेल्या लेन्सचं कार्ड, पॉवर आणि नंबरासह. उद्यापासून कुठले थेंब चालू ठेवायचे त्याची लेखी चिठ्ठी, कारण ट्रायलचं औषध आज परत गेलं आणि रात्री काय घालायचं हे ठरलंच नाही, असं होतं. गुण आलेलं औषध नंतर मिळत राहील का, हेही तेव्हाच विचारा. काही परिस्थितीत नियमांत तशी तरतूद आहे.

आणि चौथी, तुमचा गट कुठला होता ते कधी कळणार. सगळ्या रुग्णांचं काम संपून आकडे बंद झाल्यावरच ते उघडतात, त्याला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. फोन नंबर बदलला तर कळवा. रामबागेच्या काकूंना मी दीड वर्षानं फोन केला. त्यांचा गट सांगितला. "बरं," त्या म्हणाल्या, "आणि त्या बाटल्यांचं नंतर काय केलंत?"